बीबीएला नेमकं शिकवतात काय? (मुलीसाठी विचारतोय)

ऊसरोप

नमस्कार मंडळी. वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी बारावी सायन्स झाली, ६८ टक्के. नीट, जेईई तिनं दिली नाही, आम्हीही आग्रह धरला नाही. आता म्हणते बीबीए, म्हणजे बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदवी, करते. आमच्या घरात पदवी म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सी, आणि एक चुलत भाऊ इंजिनिअर. बीबीए कुणी केलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न.

मेहुणा पुण्यात असतो. तो म्हणतो, "तीन वर्षं टाय लावून पीपीटी करायच्या, शेवटी परत एमबीए करावंच लागतं." कॉलेजच्या माहितीपुस्तकात विषयांची नावं आहेत: व्यवस्थापनाची तत्त्वं, मार्केटिंग, एचआर, कॉस्टिंग, बिझनेस लॉ, ऑर्गनायझेशनल बिहेवियर. नावावरून काही बोध होत नाही. मार्केटिंग शिकवतात म्हणजे काय, विकायला शिकवतात?

आमची वाळवा तालुक्यात उसाची रोपवाटिका आहे. लहानच आहे, शेडनेट दोन. घरात धंद्याचं वातावरण वगैरे नाही. मुलगी हुशार आहे पण अबोल. बीबीएला बडबडी मुलंच लागतात असं ऐकून आहे. बीकॉमची फी आणि बीबीएची फी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेवढा फरक शिकवण्यात आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

निवांत_७७

मेहुण्याचं ऐका. मी २००९ चा बीबीए. मॅस्लोचा त्रिकोण, चार पी, स्वॉट अ‍ॅनालिसिस, एवढंच डोक्यात राहिलंय आणि त्यातलं एकही पुढं कुणी विचारलं नाही. नोकरी इंग्रजी बोलता येत होतं म्हणून लागली. बीकॉम करा, सोबत सीए फाउंडेशन. पैसे वाचतील.

खर्चीवाली

ऊसरोप दादा, मी केलंय, त्यामुळे लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी नावाचा खुलासा. मी इचलकरंजीची. आमच्याकडे स्वतःचं सूत न घेता, व्यापाऱ्याच्या बिमावर (ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ) मजुरीनं कापड विणून देणाऱ्याला खर्चीवाला म्हणतात. पप्पांचे साधे माग २४. शाळेत कुणी विचारलं की मी "पप्पांचा कारखाना आहे" म्हणायचे आणि मग माझी मलाच लाज वाटायची, कारण पत्र्याच्या शेडला कारखाना म्हणतात का हे मला माहीत नव्हतं. तुम्ही लिहिलंय ना "घरात धंद्याचं वातावरण वगैरे नाही", ते वाचून हसूच आलं. त्यावर शेवटी येते.

२०१२ ते २०१५, कोल्हापूरला. रोज एसटी, हातकणंगले, अतिग्रे, शिरोली करत. गुण ६१ टक्के, म्हणजे मी काही गोल्ड मेडलवाली नाही हे लक्षात ठेवून वाचा.

पहिलं वर्ष मला फुकट गेल्यासारखं वाटलं. व्यवस्थापनाची तत्त्वं हा विषय आमच्या मॅडमनी नोट्स सांगून लिहून घेतला. फेयॉलची चौदा तत्त्वं, पाठ करा, परीक्षेत सात लिहा. कोण हा फेयॉल, तर फ्रान्समधल्या एका खाण कंपनीचा माणूस, त्यानं स्वतः बुडत्या धंद्याचा कारभार पाहून हे लिहिलं, एवढं जरी सांगितलं असतं तरी लक्ष लागलं असतं. ते मला नंतर कळलं. निवांत यांना फक्त मॅस्लोचा त्रिकोण आठवतोय यात त्यांचा दोष नाही. विषय शिकवलाच तसा जातो.

माझं डोकं उघडलं ते दुसऱ्या वर्षी, कॉस्टिंगला. सर वयस्कर होते, आधी साखर कारखान्यात हिशेबनीस होते. पहिल्या दिवशी फळ्यावर काही न लिहिता त्यांनी विचारलं, "कॉलेजसमोरच्या चहावाल्याचा एक कप केवढ्याला पडतो?" कुणी म्हटलं तीन रुपये, कुणी चार. सर म्हणाले, "दिवसाला किती कप विकतो ते कुणी विचारलंच नाही. कप किती हे माहीत नसताना तुम्ही भाडं कपात घातलंत कसं?" बस. तो तास मी विसरणार नाही.

कॉस्टिंगमध्ये खर्चाचे दोन ढीग करतात. मीटर वाढले की वाढणारा खर्च एका ढिगात, आणि माग चालू असो की बंद असो, डोक्यावर बसलेला खर्च दुसऱ्या ढिगात. मी घरी येऊन आमच्या शेडचे ढीग केले. पप्पांच्या डायरीतून, दिवाणजींना त्रास देऊन. आकडे तेव्हाचे आहेत, आताचे धरू नका.

५२ पीक कापड (पीक म्हणजे इंचातला आडवा धागा), मजुरी मीटरमागे पिकाला ११ पैसे. म्हणजे मीटरला ५ रुपये ७२ पैसे. त्यातून कामगाराची मजुरी, कांडी (आडव्या धाग्याची), वीज, तेल-पार्ट, घडी, सगळं मिळून मीटरला ३ रुपये १० पैसे जायचे. हातात उरायचे २ रुपये ६२ पैसे. याला पुस्तकात काँट्रिब्युशन म्हणतात. आता डोक्यावरचा ढीग: जॉबर (माग दुरुस्त करणारा), दिवाणजी, शेडभाडं, बँकेचं व्याज, असं महिन्याला ९५ हजार. (व्याज म्हटलं, हप्ता नाही. हप्त्यातलं मुद्दल हा खर्च नसतो, हे सर मला दोनदा सांगून थकले. पप्पांना मी अजून पटवू शकलेले नाही. त्यांचं म्हणणं, "खिशातनं गेलं म्हंजे गेलं.") ९५ हजार भागिले २.६२, म्हणजे ३६ हजार मीटरच्या वर पहिला रुपया आमचा. महिन्याला आम्ही काढायचो साधारण ४५ हजार.

त्याच सुमारास मंदी आली आणि व्यापाऱ्यानं पिकाला एक पैसा पाडला. एक पैसा! मी मैत्रिणींना सांगितलं तर हसल्या. पण ५२ पिकांना ५२ पैसे गेले, हातात राहिले २ रुपये १० पैसे, आणि ३६ हजार मीटरचा आकडा ४५ हजारांवर गेला. म्हणजे महिनाभर दोन्ही पाळ्या राबून घरी शून्य. तो कागद मी आजही ठेवलाय.

पुस्तकानं सांगितलं होतं, जोवर मीटरमागे काहीतरी सुटतंय तोवर माग चालू ठेवा, कारण बंद ठेवले तर ९५ हजार तसेच्या तसे अंगावर. मी मोठ्या ऐटीत पप्पांना हे समजावलं. पप्पा बिडी विझवत म्हणाले, "आत्ता ह्या दरानं बीम घेतलं की दिवाळीला त्योच दर धरून बसतंय त्ये. तुझ्या वहीत दिवाळी हाय का?"

वहीत दिवाळी नव्हती. त्यांनी आणि गल्लीतल्या आणखी काही जणांनी आठ दिवस माग बंद ठेवले. मी रोज हिशेब करायचे, आज अमुक हजार बुडाले. आठव्या दिवशी व्यापारी अर्धा पैसा वर आला. मग मी रागारागानं पूर्ण गणित मांडलं: आठ दिवसांत बुडालेलं काँट्रिब्युशन तीस हजारांच्या आसपास, आणि अर्ध्या पैशानं महिन्याला वाढलेले पावणेबारा हजार. तीन महिन्यांच्या आत वसूल. माझ्याच सूत्रानं पप्पा जिंकले. अर्थात त्या आठ दिवसांत एक कामगार दुसऱ्या शेडला गेला आणि त्याचे सहा माग तीन आठवडे एका पाळीत उभे राहिले, तो खर्च पप्पा कधी धरत नाहीत. मी धरते.

दुसरा विषय, बिझनेस लॉ. आमच्याकडे सगळं काम तोंडी. करार कायदा १८७२ चा, त्यात तोंडी करारही करार असतो हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. मग चेकचा धडा आला. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, तरी पैसे आले नाहीत तर त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. कलम १३८. त्या संध्याकाळी मी घरी येऊन पप्पांच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला. त्यात दोन वर्षांपूर्वीचा एक चेक होता, बँकेचा मेमो स्टेपल केलेला, ९० हजारांचा. पप्पांनी तो जपून ठेवला होता, अंगारा ठेवतात तसा. मी म्हटलं, "पप्पा, याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली." ते म्हणाले, "आसू दे. त्यानं सही केलीय न्हवं." त्या व्यापाऱ्याचं नाव इथं काढत नाही, नंतर त्यानं निम्मे दिले.

याला उपयोग म्हणायचं का? ते सगळे पैसे तर परत आले नाहीत. पण त्यानंतर आमच्याकडे आलेला एकही चेक ड्रॉवरमध्ये गेला नाही.

मार्केटिंगवर मी काही बोलणार नाही. आमच्या शेडला गिऱ्हाईक तीन, तिघंही पप्पांच्या फोनमध्ये.

आता ऑर्गनायझेशनल बिहेवियर. नाव भारदस्त आहे, विषय आहे माणसं कामावर असताना कशी वागतात हा. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट आणला, फक्त कंपनीचं नाव बदलून. एकाच्या प्रोजेक्टमध्ये पान ३० नंतर जुन्या मुलाचंच कंपनीचं नाव राहिलं होतं, तरी पास. मी ठरवलं, आपल्या शेडमध्ये माग का थांबतात ते मोजायचं. मोबाइलवर वेळ लावून एका कामगाराच्या सहा मागांमागे उभी राहिले. ताणा तुटला, टीप. कांडी संपली, टीप. वीज गेली, टीप. तीन दिवस.

तिन्ही दिवस त्या सहा मागांचं कापड नेहमीपेक्षा जास्त निघालं. मला वाटलं माझंच मोजायला चुकलं. चौथ्या दिवशी त्या मामांनीच विचारलं, "ताई, पगार कापायला मोजताय व्हय?" तीन दिवस ते चहालाही गेले नव्हते. वर्गात शिकवलं होतं की शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून असेच प्रयोग झाले, उजेड वाढवला तरी काम वाढलं आणि कमी केला तरी वाढलं, आणि पुढं बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ असा लावला की कुणीतरी आपल्याकडे बघतंय यानंच माणूस बदलतो. परीक्षेला मी हे चार ओळींत लिहिलं होतं. त्या दिवशी मामांपुढं उभी राहून मला भयंकर शरमल्यासारखं झालं. मी त्यांना वही दाखवली. मग त्यांनीच सांगितलं की सकाळी ताणा जास्त तुटतो, आणि एका ठरावीक सायझिंगचं (धाग्याला खळ लावणाऱ्या कारखान्याचं) बीम आलं की दिवसभर तुटतो. हे दिवाणजींना माहीत नव्हतं. पप्पांना माहीत होतं, पण किती तुटतो ते माहीत नव्हतं. आकडा घेऊन पप्पा व्यापाऱ्याकडे गेले, पुढची बिमं दुसऱ्या सायझिंगची आली.

तर दादा, शिकवण्यात फरक आहे का, तर पुस्तक कोल्हापुरातही तेच, पुण्यातही तेच. ज्या पोरांच्या डोक्यात एखादा खरा धंदा होता त्यांना ते पुस्तक लागलं. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी पाठ केलं. आणि तुमच्या मुलीकडे धंदा आहे. दोन शेडनेटचा. उसाचं रोप बनवून विकणं हे उत्पादन नाही तर काय आहे? ट्रे, कोकोपीट, बेणं, मजूर, मरतूक, उधारी. मला तर वाचतानाच हात शिवशिवले.

अबोल असण्याचं म्हणाल तर आमच्या वर्गात सगळ्यात जास्त बोलणारा मुलगा आज काय करतो मला माहीत नाही, कारण तो अजून बोलतोच आहे.

खडूफळा

मी बीबीएलाच शिकवतो, कॉलेजचं नाव सांगत नाही. खर्चीवाली यांनी नोट्सबद्दल लिहिलं ते माझ्यासकट सगळ्यांना लागू आहे, मान्य. काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण ऊसरोप यांना प्रवेश घ्यायचाय.

एक, २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, हिच्या अखत्यारीत आले. महाराष्ट्रात त्याच वर्षी सीईटी सेलनं यासाठी वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, सुरू केली. पहिल्या वर्षी इतका गोंधळ झाला, कितीतरी पालकांना अशी परीक्षा असते हेच ठाऊक नव्हतं, जागा रिकाम्या राहिल्या आणि ती परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. त्यामुळे मुलीनं सीईटी दिली आहे का, हे आधी पाहा. दिली नसेल तर घाबरू नका, पण दुसरा रस्ता समजून घ्या: बऱ्याच कॉलेजांनी एआयसीटीईच्या कक्षेत जायला नको म्हणून अभ्यासक्रमाचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज असं केलं. तिथं सीईटी लागत नाही. विषय बरेचसे तेच असतात. पदवीवर काय छापून येणार ते मात्र प्रवेशाआधी लेखी विचारा.

दोन, बीएमएस आणि बीबीए यात गोंधळू नका. मुंबई विद्यापीठानं १९९९ मध्ये बीएमएस सुरू केलं, म्हणून मुंबईकडे ते नाव रुळलं. शिवाजी विद्यापीठ, पुणे विद्यापीठ यांच्याकडे बीबीए. आतला माल सारखाच.

तीन, नव्या शैक्षणिक धोरणात वर्षागणिक बाहेर पडता येतं. एक वर्षानं सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स. तीन वर्षांनी थांबलं तर काही बिघडत नाही.

बीकॉमशी तुलना विचारलीत. बीकॉममध्ये अकाउंट्स आणि टॅक्स खोलात आहे. मुलीला सीए, कर सल्लागार असं काही व्हायचं असेल तर सरळ बीकॉम, निवांत यांचं बरोबर आहे. बीबीएत थोडं थोडं सगळं असतं आणि भर प्रोजेक्ट, सादरीकरण, इंटर्नशिप यावर. थोडं थोडं सगळं याचा अर्थ अर्धवट सगळं असाही होऊ शकतो. ते कॉलेजवर आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. ग्रंथालयात जा, गेल्या वर्षीचे तिसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट मागा, आणि कुठलेही चार उघडा. चारही एकाच साच्यातले दिसले तर समजून जा.

आयआयएमचा विषय अजून निघाला नाही, पण मेहुणे काढतील म्हणून सांगतो. इंदूरच्या आयआयएमनं २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, नंतर आणखी काही आयआयएमनी केला. त्याची परीक्षा वेगळी असते, तयारी अकरावीपासून करतात आणि खर्च लाखांत आहे. यंदा त्याचा विचार सोडा.

निवांत_७७

खर्चीवाली ताई, तुमचं लिखाण आवडलं, पण तुम्ही तुमच्या घरच्या धंद्याचं सांगताय. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. माझ्याकडे कुठली शेड? ज्याच्या घरी धंदा नाही त्यानं बीबीए करूच नये असं म्हणणं आहे का? आणि ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे ना लघुउद्योगांसाठी, तो वापरून चेकचा प्रश्न सुटला असता.

खर्चीवाली

निवांत दादा, दुसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण ते सोपं आहे. कायदा आहे, २००६ चा. ४५ दिवसांवर गेलं तर बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय अलीकडे, २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात दाखवता येतो. कागदावर झकास. पण गिऱ्हाईक तीन असताना त्यातल्या एकाला नोटीस पाठवणारा खर्चीवाला मला दाखवा. नोटीस पोचायच्या आधी बीम थांबतं. आमच्या लॉच्या सरांना मी हे विचारलं होतं, ते म्हणाले, "हा प्रश्न मार्केटिंगचा आहे." तेव्हा मला राग आला. आता वाटतं, तीन गिऱ्हाइकांचे सहा झाले असते तर नोटीस पाठवता आली असती. वर मी मार्केटिंगला उडवून लावलं ते मागे घेते.

पहिला प्रश्न मला लागला. खरं सांगू, वडील कंडक्टर म्हणजे तुमच्याकडे आमच्यापेक्षा मोठा धंदा होता! एक गाडी, एक फेरी, डिझेल, दोघांचे पगार, किती सीट भरल्या की फेरीचा खर्च सुटतो. भारमान, म्हणजे गाडी किती भरली, हा शब्द तुम्ही घरात शेकडो वेळा ऐकला असेल. ज्या भारमानाला फेरीचा खर्च निघतो तोच ब्रेक-इव्हन, आमच्या ३६ हजार मीटरसारखा. वडिलांच्या ट्रेमधल्या तिकिटांवर कुणी तुम्हाला गणित घालायला सांगितलं नाही, मला त्या म्हाताऱ्या सरांनी सांगितलं. एवढाच आपल्यातला फरक, आणि तो निव्वळ नशिबाचा आहे.

निवांत_७७

भारमान. बरोबर. वडील रात्री जेवताना तोच शब्द काढायचे. हे डोक्यात आलंच नव्हतं. असो.

ऊसरोप

सगळ्यांचे आभार. सीईटी दिली आहे तिनं, मला न सांगता फॉर्म भरला होता. हे कालच कळलं.

हा धागा तिला वाचायला दिला. तिनं खर्चीवाली ताईंचा भाग दोनदा वाचला आणि काल सकाळपासून वही घेऊन शेडनेटमध्ये आहे. खाली तीच लिहितेय.

नमस्कार ताई. आम्ही रोप २ रुपयांना विकतो. उसाची जात को ८६०३२. मी बेणं, उसाच्या पेरांवरचे डोळे काढायची मजुरी, कोकोपीट, ट्रेची झीज, औषध, पाणी-वीज सगळं मांडलं. एका कपाला १ रुपया १६ पैसे आले. मी खूश झाले. मग लक्षात आलं की ट्रेला ४२ कप असतात पण विकण्यासारखी रोपं ३६ च निघतात, बाकीचे डोळे उगवत नाहीत किंवा रोप मरतं. मग ४२ कपांचा खर्च ३६ वर टाकला. १ रुपया ३५ पैसे झाले. पप्पा म्हणाले मरतूक सगळ्यांचीच असते, ती कशाला धरायची. मी धरली.

वर्षाला आम्ही साधारण दोन लाख रोपं विकतो. मला अडलंय ते एवढंच: पप्पा आणि आई हंगामात सहा महिने दिवसभर शेडमध्ये असतात. त्यांना पगार कुणी देत नाही. तो धरायचा का? आणि शेतकरी कारखान्याचं बिल आल्यावर पैसे देतात, ते कुठल्या ढिगात?

खर्चीवाली

बाळ, मरतूक धरलीस तिथंच अर्धं कॉस्टिंग झालं तुझं. आमच्या वर्गात हे तिसऱ्या चाचणीपर्यंत अनेकांना जमलं नव्हतं.

उधारी कुठल्याच ढिगात नाही, तिच्यासाठी वेगळं पान कर. कुणाकडे किती, किती दिवसांपासून. तेवढे दिवस बेण्याचे पैसे तुमच्या खिशातून गुंतलेत, त्यासाठी सोसायटीचं कर्ज असेल तर त्याचं व्याज मात्र डोक्यावरच्या ढिगात टाक.

पगार धर. शेजारच्या रोपवाटिकेत त्याच कामाला माणूस ठेवला तर जेवढं द्यावं लागेल तेवढा. आईचा आधी लिही.

ऊसरोप

दोघांचे महिन्याला आठ-आठ हजार धरले तिनं. सहा महिन्यांचे ९६ हजार, रोपामागे ४८ पैसे. रोप १ रुपया ८३ पैशाला पडलं. म्हणजे वर्षाला सुटतात ३४ हजार.

वीस वर्षं झाली रोपवाटिकेला. काल रात्री जेवताना कुणी काही बोललं नाही. मग हिची आई म्हणाली, "माझे आठ हजार कधी मिळणार?"

सोमवारी कोल्हापूरला कॉलेज बघायला निघालोय. प्रोजेक्ट कुठल्या कपाटात असतात ते खडूफळा सरांनी सांगावं.

खडूफळा

ग्रंथपालांच्या मागच्या कपाटात, बहुधा कुलूपबंद. किल्ली शिपायाकडे असते.